मोटर चालू असताना

लाभुबेननी स्वयंपाकघरातून "गॅस कोणी चालू ठेवला?" असं खडसावून विचारलं, आणि जल्पाच्या अंगाशी असलेल्या बाळानं पिणं सोडून त्या आवाजाकडे तोंड वळवलं. तसं ते पिणं म्हणजे फार काही नव्हतं. तोंडात धरून विचार केल्यासारखं पडून राहायचं, एवढंच जन्मल्यापासून चाललं होतं. पण तेवढंही त्यानं सोडलं. साहेबांनी आतून हाक मारल्यावर कारकुनानं हातातला चहा खाली ठेवावा, तसं सोडलं. मान धरत नव्हता, डोळे धड उघडत नव्हते, तरी दिशा अचूक होती. ओठाच्या कडेला राहिलेला दुधाचा थेंब गालावरून ओघळून त्याच्या कानात गेला. जल्पानं तो ओढणीच्या टोकानं टिपला, आणि आपण एका अनोळखी माणसाचा कान पुसतो आहोत असं तिला वाटलं. गॅस तिच्या सासूनं, म्हणजे लाभुबेन बांनीच चालू ठेवला होता. बाळंतीण खोलीबाहेर पडायची नाही, नवरा निकुंज दुकानात, मग दुसरं कोण ठेवणार? पण प्रश्न जल्पासाठी होता. या घरात हवेत सोडलेला कुठलाही प्रश्न फिरून फिरून तिच्याच अंगावर येऊन बसायचा.

बा पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांच्या अंगाला ओव्याच्या धुरीचा वास होता. जल्पाच्याही अंगाला तोच होता, बाळाच्याही, उशीच्याही. त्या खोलीत वासावरून कोणी कोणाला ओळखायची सोय राहिली नव्हती. "बघितलंस?" बा म्हणाल्या. "माझा आवाज आला की कसा टवकारतो! गळथुथी कोणाच्या हातची आहे?" गळथुथी त्यांच्या हातची होती. पोराच्या जिभेवर पहिला गुळाचा थेंब ज्याच्या हातचा पडतो, त्याच्यावर पोर जातं, असं सगळं राजकोट मानतं. म्हणून घराघरांत त्या एका थेंबासाठी निवडणुकीसारखी रस्सीखेच चालते. जल्पाला वाटत होतं आपल्या बापूजींच्या हातची व्हावी. तिची आई कधीच गेली होती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी करायचं सोडून इथेच करावं लागलं. निदान माहेरचा एक थेंब तरी पोराच्या पोटात जावा. बापूजी भावनगरहून फडक्यात गूळ बांधून निघालेही होते. एसटीचं चाक आटकोटपाशी बसलं. इकडे नर्सनं "बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही" असं बजावून पाठ फिरवली, आणि तेवढ्यात बांनी करंगळी बाळाच्या तोंडात घालून काढलीसुद्धा. जल्पाच्या पायांतला बधिरपणा तेव्हा अजून उतरला नव्हता. तिला सगळं दिसत होतं आणि उठता येत नव्हतं. बापूजी संध्याकाळी पोचले, बाहेरच्या बाकावर गूळ मांडीवर घेऊन बसले, आणि शेवटी तो स्वतःच चहाबरोबर खाऊन परत गेले. आता कोणावर गेलेच, तर बापूजी स्वतःवर गेले असतील.

पण गळथुथीवर जल्पाचा विश्वास नव्हता. तिला दुसरीच शंका होती, आणि डॉक्टर मॅडमनी शुक्रवारी ती पक्की करून दिली. वजन घटलं होतं. मॅडम बाळाला काट्यावरून उचलत सहज म्हणाल्या, "बोला हो त्याच्याशी. आईचा आवाज कानावर पडला की मुलं अंगावर छान पितात. पोटात असल्यापासून तुमचाच आवाज ऐकतोय तो." यावर जल्पा काही म्हणायच्या आतच बा कौतुकानं म्हणाल्या, "ही कुठली बोलते! फार गुणी आहे. पाचव्या महिन्यापासून घरात शब्द नाही." मॅडमनी जल्पाकडे बघितलं. जल्पानं मान डोलावली. मॅडमनी पुन्हा बांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सोमवारी परत आणा. वाढलं नसलं तर बाटलीचं दूध सुरू करू." बांचा चेहरा उजळला. बाटली कोणाच्या हातात असणार होती हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती.

रिक्षात बा डाव्या बाजूला बसून रिक्षावाल्याला रस्ता शिकवत होत्या, बाळ जल्पाच्या मांडीवर गाढ झोपलं होतं, आणि जल्पा मनातल्या मनात हिशेब करत होती की यानं आतमध्ये नेमकं ऐकलं तरी काय. पाचव्या महिन्यात मोरबीहून बांचे चुलतभाऊ सहकुटुंब आले होते. जल्पानं स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "चहा कोणाकोणाला?" बस, एवढंच. भावनगरला त्यांचं घर तेलघाणीला लागून होतं. घाणी दिवसभर घरघरायची, त्यामुळे तिथे मीठ मागायचं तरी गावाला हाक मारल्यासारखं मागावं लागे, आणि त्याला कोणी ओरडणं म्हणत नसे. पण बाहेरच्या खोलीत बा पाहुण्यांना म्हणाल्या, "आमच्याकडे लग्नाकार्याला लाऊडस्पीकर भाड्यानं आणावा लागत नाही. सून आहे." सगळे हसले. भिंतीपलीकडून जल्पाला प्रत्येकाचं हसू वेगळं ऐकू आलं, आणि त्यात निकुंजचं सर्वांत मोकळं होतं. रात्री तिनं त्याला विचारलं, "तू का हसलास?" तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "अगं, जोक चांगला होता." त्या दिवसापासून तिनं आवाज बंद केला. अबोला धरला. सूड म्हणून, संप म्हणून, घर इतकं सुनं व्हावं की जेवताना नुसता चमच्यांचा आवाज यावा म्हणून. आठवडाभर कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग आलं, तेव्हा बा शेजारच्या हिंमतकाकांना झोपाळ्यावरून सांगताना तिनं ऐकलं, "सुधारली हो! दिवस गेले की काही बायकांचा स्वभाव नरम पडतो." इतका यशस्वी झालेला संप आणि त्याबद्दल मालकाकडून सत्कार, असं जगात दुसरं उदाहरण नसेल. आता तोंड उघडावं तर गुण गेला, न उघडावं तर बांची सरशी. ती गप्पच राहिली. निकुंजशी कुजबुजायची, तेही दिवा मालवल्यावर, भिंतीला कान असल्यासारखं. आणि तिच्या गप्प बसण्यानं जी जागा मोकळी झाली, ती सगळी बांनी व्यापली. सकाळी झोपाळा करकरायला लागला की बोलणं सुरू. पोळी जाड, केस गळके, माहेर लांब, चाल हत्तीची, मीठ कमी, मीठ जास्त. जल्पा पोटावर हात ठेवून, समोर बसून, भाजी निवडत ऐकायची. आणि तिच्या हाताखाली, कातडीच्या आत, आणखी एक जण ऐकत होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्याला उठून जायचीही सोय नव्हती.

रिक्षा खड्ड्यात आदळली. बा म्हणाल्या, "हळू चालव रे, मांडीवर लेकरू आहे!" आणि झोपेतल्या झोपेत पोरानं समाधानानं ओठ हलवले.

घरी आल्यावर तिनं दार लोटून घेतलं आणि बाळाशी बोलायचा प्रयत्न केला. घसा न वापरलेल्या नळासारखा झाला होता. आधी हवा आली, मग गंज आला. "माझा लाला," ती म्हणाली. "माझा सोन्या. मी आई." स्वतःच्याच कानाला ते खोटं वाटलं, सरकारी शाळेत पाहुण्यांपुढे म्हणायला लावलेल्या स्वागतगीतासारखं. बाळानं कपाळाला आठ्या घातल्या. एवढ्याशा कपाळाला एवढ्या आठ्या येतात कुठून, कोणी दिल्या असतील, ते चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं. मग तो रडायला लागला. ती आणखी गोड बोलली. तो आणखी रडला. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिला भयंकर राग आला. तुझ्यासाठी मी सुंठीची राब पितेय, जी प्यायल्यावर कानातून वाफ येते. तुझ्यासाठी कंबर शेकून घेतेय. आणि तू त्यांच्या पक्षाचा! आईनं लेकराकडे असं बघू नये हे तिला ठाऊक होतं. ती तसंच बघत राहिली.

बा आत आल्या. "दे इकडे." त्यांनी त्याला घेतलं आणि लाडानं म्हणाल्या, "काय रे माझ्या राजा? कोणी मारलं माझ्या राजाला?" तो रडतच राहिला. हे नवीन होतं. बांनी झुलवलं, गुणगुणलं, चुटक्या वाजवल्या. तो लालेलाल झाला. शेवटी वैतागून त्या जल्पाकडे वळून म्हणाल्या, "आणि तुला किती वेळा सांगितलं, ओली लंगोटी खिडकीत वाळत घालू नकोस? सगळ्या शेरीला, अख्ख्या गल्लीला दाखवायचीय का?" बाळ थांबलं. एकदम. बटण दाबल्यासारखं. बांनी पुन्हा म्हटलं, "माझा राजा!" तो ओठ काढून रडायच्या बेतात आला. बा घाईघाईनं म्हणाल्या, "आणि ती उशी! उशीचा अभ्रा कधी बदललास शेवटचा?" आणि पोरानं डोळे मिटले.

शुक्रवार संध्याकाळपासून हे घरात रीतसर सुरू झालं. पोर रडलं की निकुंज बाहेरून हाक मारायचा, "बा, जरा जल्पाला बोल ना, लाला रडतोय." बा हातातलं काम टाकून यायच्या, तिच्यासमोर खुर्चीवर बसायच्या आणि तिला बोलायच्या. जल्पा पलंगावर मांडी घालून ऐकायची. मध्ये उठावं तर पोर जागं व्हायचं, म्हणून पूर्ण ऐकायची. शनिवारी दुपारपर्यंत बांचे विषय संपले. एका माणसात दोष असून असून किती असणार? त्यांनी मोरबीला लेकीला, दक्षाला, फोन लावला. "अगं, हिच्यातलं आणखी काही आठवतंय का तुला?" दक्षाला आठवलं. लग्नात जल्पानं जेवताना दोनदा आंबरस मागून घेतला होता. बांनी फोन कानाला धरूनच ते जल्पाला सुनावलं, आणि बाळानं जांभई दिली. "आवडलं त्याला," निकुंज दारातून म्हणाला. त्याच्या आवाजात इतका निखळ आनंद होता की जल्पाला उशी फेकून मारता आली नाही. तिला वाटलं, हा पोरगा मोठा होईल, शाळेत जाईल, लग्न करेल, आणि जन्मभर त्याला आपल्याला कोणी टाकून बोललं की झोप लागेल. आपण त्याची आई नाही. आपण त्याच्या अंगाईतला मजकूर आहोत.

बांखालोखाल त्याची ओळख फक्त पाण्याच्या मोटरीशी होती. राजकोटला पाणी सकाळी वीस मिनिटं येतं, आणि त्या वीस मिनिटांत सगळी शेरी आपापल्या मोटरी लावून पालिकेच्या नळातला जीव ओढून घेते. मोटर सुरू झाली की लाला रडं थांबवून, तोंड अर्धवट उघडं ठेवून, कोणाची तरी वाट बघितल्यासारखा पडून राही. मोटर बंद झाली की फसवणूक झाल्यासारखा किंचाळे. "इंजिनियर होणार," निकुंज म्हणे. जल्पा भिंतीकडे तोंड करून झोपे. मोटरीचा विषय तिला नको होता. कारण पाचव्या महिन्यापासून ते बाळंतपणाच्या आदल्या सकाळपर्यंत मोटर तीच लावत असे, ओसरीच्या कोपऱ्यात, टाकीवर पोट टेकून, आणि ती अर्ध्या हॉर्सपॉवरची घरघर सुरू झाली की तेलघाणीची आठवण होऊन तिचा घसा आपोआप मोकळा व्हायचा. तेवढी वीस मिनिटं ती बोलायची. पूर्ण आवाजात, भावनगरच्या आवाजात, बांना शिव्या द्यायची. अहोजाहो करूनच द्यायची. तिच्यावर संस्कार होते. तुमच्या लोणच्याला बुरशी येवो. तुमच्या झोपाळ्याची कडी निसटो. तुमच्या चष्म्याची काडी ऐन कथेत मोडो. रोज तेच, त्याच क्रमानं, नवीन सुचलं तर शेवटाला जोडून. तिथे कोणालाच काही ऐकू जायचं नाही. मोटर बंद केली की ती पुन्हा गुणी व्हायची. बाळंत झाल्यापासून टाकीला हात लावायचा नाही म्हणून मोटर निकुंजकडे गेली, आणि शिव्या तिच्या छातीत साचून राहिल्या, दुधासारख्याच. त्यांनाही कोणी पिणारं नव्हतं.

रविवारी बारा वाजता बांनी निकुंजला पिटाळलं. एक वाजला की राजकोट बंद होतं. दुकानं, बँका, भांडणं, सगळं. शटर खाली येतात आणि शहर चारपर्यंत झोपतं. त्या वेळात दारावरची बेल वाजवणारा माणूस बाहेरगावचा समजला जातो आणि त्याला पुन्हा कोणी पाणीही विचारत नाही. निकुंजनं वेळेत दुधाच्या पावडरीचा डबा आणि बाटली आणली आणि तो आडवा झाला. "डॉक्टरनं सोमवार सांगितलाय," जल्पा त्याच्या कानाशी कुजबुजली. तो म्हणाला, "एक दिवसानं काय होतंय? बाचा जीव राहात नाही." आणि घोरायला लागला.

अडीचला लाला उठला. जल्पानं त्याला अंगाशी घेतलं. छाती दगडासारखी टणक झाली होती, गाऊन पुढून ओला होता, नुसता त्याचा गाल लागला तरी कळ डोळ्यांपर्यंत जात होती. त्यानं तोंड लावलं, सोडलं, डोकं इकडून तिकडे घासत शोधायला लागला, जे समोर होतं तेच, पण ते समोर आहे यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. मग रडायला लागला. बाहेर शेरीत कुत्रंसुद्धा सावलीत पाय ताणून पडलं होतं. बा बाटली हलवत आत आल्या, अनवाणी, चवड्यांवर, दबक्या आवाजात. दुपारची वेळ असल्यानं त्यांना ओरडून बोलता येत नव्हतं आणि म्हणून त्या पोराला गप्पही करू शकत नव्हत्या. "आण," त्या पुटपुटल्या. जल्पानं मान हलवली. "आण म्हणते. तुला जमत नाहीये. त्यात लाज कसली? माझ्या हातची गळथुथी आहे, माझ्या हातचंच पिईल तो." त्यांनी वाकून बाळाच्या मानेखाली हात घातला. बाटलीचं रबरी निपल त्याच्या ओठांना लागलं. त्याची जीभ बाहेर आली. जल्पाला ती जीभ दिसली, लहान, गुलाबी, कोणाचंही ऐकायला तयार झालेली. पायांतला तो जुना बधिरपणा तिला पुन्हा आठवला, डोळ्यांसमोर वाकलेली ती करंगळी आठवली, आणि मग काय झालं ते तिलाही नीट कळलं नाही. फक्त मोटर सुरू झाल्यासारखं झालं.

"हात काढा!" ती म्हणाली.

खिडकीच्या काचा थरथरल्या. बाहेर कुत्रं उठून उभं राहिलं. पलीकडून हिंमतकाका बनियनवर गॅलरीत आले आणि घाबऱ्या आवाजात म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही, काका! झोपा!" जल्पा त्यांना तिथूनच म्हणाली, आणि मग बांकडे वळली. "तुमच्या लोणच्याला बुरशी येवो! तुमच्या झोपाळ्याची कडी निसटो! तुमच्या चष्म्याची काडी ऐन कथेत मोडो!" शब्द आपापल्या क्रमानं येत होते, तिला ढकलावे लागत नव्हते. "तुमच्या पापडाला मुंग्या लागोत! दुपारी तुमचा डोळा लागला की दारात भंगारवाला ओरडो!" समोरच्या, बाजूच्या, वरच्या, सगळ्या खिडक्या उघडत होत्या. एक अख्खी शेरी, डोळे चोळत, दुपारी अडीच वाजता. निकुंज दारात येऊन उभा राहिला. त्याच्या गालावर उशीचे वळ होते. "जल्पा, लोक झोपलेत," तो म्हणाला. "आता नाही झोपलेले," ती म्हणाली, आणि पुढची शिवी द्यायला श्वास घेणार तोच छातीत अशी कळ आली की तिनं खाली बघितलं.

लालानं धरलं होतं. नुसतं तोंडात घेऊन विचार करणं नव्हे. पूर्ण तोंड भरून, गाल आत ओढून, एक हात तिच्या अंगावर दाबून, डोळे टक्क उघडे. दूध उतरत होतं, तळपायापासून वर आल्यासारखं. तो घटाघटा पीत होता, आणि मध्येच वर, तिच्या तोंडाकडे बघत होता, खूप दिवसांनी स्टेशनवर नेमकं आपलं माणूस सापडल्यावर बघतात तसा, थोडा रागानंच. इतका उशीर?

बा बाटली धरून तशाच वाकलेल्या होत्या. हळूहळू सरळ झाल्या. त्यांनी बाळाकडे बघितलं, जल्पाच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा बाळाकडे. बाई हुशार होती. एकेक करून सगळं समजत गेलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"याला हे पाठ आहे," त्या म्हणाल्या.

जल्पानं लालाच्या डोक्याखालचा हात सरळ केला.

"कधी म्हणायचीस?"

"मोटर चालू असताना."

"रोज?"

"रविवारीसुद्धा."

बांनी बाटली कपाटावर ठेवली. बाहेर शेरीत उतरून हिंमतकाका कोणाला तरी सांगत होते, "लोणच्याचं काहीतरी आहे." जल्पा गप्प बसली होती तेवढ्यात लालाचं तोंड सुटलं. तो डोकं घासायला लागला, कपाळाला त्या परिचित आठ्या घातल्या, रडायच्या तयारीला लागला. निकुंजनं सवयीनं "बा, जरा जल्पाला..." असं सुरू केलं आणि वाक्य मध्येच सोडलं.

बांनी खुर्ची ओढली. पलंगासमोर बसल्या, मांडीवर हात ठेवले, पदर डोक्यावरून नीट घेतला, फोटोला बसावं तशा. त्यांचा जबडा आवळलेला होता. डोळ्यांत माया वगैरे काही नव्हती. "थांबलीस कशाला?" त्या दातांतून म्हणाल्या. "पितोय ना तो? बोल पुढे."

जल्पा बोलली. लालानं पुन्हा धरलं. ती चालीबद्दल बोलली, मिठाबद्दल बोलली, लाऊडस्पीकरबद्दल बोलली. खिडक्या एकीमागून एक बंद झाल्या. इतकं लांबणार आहे म्हटल्यावर शेरीनं झोप परत धरली. बा समोर बसून प्रत्येक शब्द घेत होत्या, मध्येच नाक उडवत होत्या, एकदा "हे खोटं आहे" म्हणाल्या. तिनं त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं. आणि मग, त्याचं पोट अर्धंच भरलेलं असताना, तिच्या शिव्या संपल्या. सगळ्या. टाकीवर पोट टेकून जुळवलेल्या शेवटच्या शिवीपर्यंत. तिनं तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. लालाचं चोखणं मंदावलं.

बा खिडकीबाहेर बघत होत्या.

"गळथुथीचं राहिलं," त्या म्हणाल्या.

जल्पा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं सुरुवात केली. आटकोटला बसलेल्या चाकापासून, फडक्यातल्या गुळापासून, बाकावर एकट्यानं चहा पिणाऱ्या म्हाताऱ्यापासून. हे तिनं मोटरीपाशी कधीच म्हटलं नव्हतं. हे जन्मानंतरचं होतं, त्यातला एक शब्दही त्याच्या कानावर पूर्वी पडलेला नव्हता. आवाज मध्येच फाटत होता, क्रम नव्हता, वाक्यं अर्धवट सुटत होती. तिनं भीत भीत खाली बघितलं.

तो पीत होता.